इब्राहिमभाईंची सूचनावही

'इत्यादी' हा शब्द दिसला की इब्राहिमभाईंना घाम फुटायचा. "म्हणजे काय काय? लिहिणारा गेला निघून, वाचणाऱ्यानं विचारायचं कुणाला?" असं म्हणत ते खिशातली पेन्सिल काढायचे. कारखान्याच्या दारावर 'ढकला' अशी पाटी होती. तिच्याखाली त्यांनी 'आतल्या बाजूला' असं लिहून ठेवलं होतं.

मूळचे दाभोळचे इब्राहिमभाई बारा वर्षं आखातात काढून आलेले. रत्नागिरीत आमरसाचे डबे भरणाऱ्या आमच्या कारखान्यात ते हेडक्लार्क होते आणि मी कॉम्प्युटरवाला. कॉम्प्युटर तेव्हा गावात नवलाचा. आमच्या कॉम्प्युटरला एक खोड होती. वीज गेली की तो प्रिंटरची ओळखच विसरायचा. मग काळ्या पडद्यावर आठ-दहा इंग्रजी हुकूम टाइप करून सगळी मांडणी पुन्हा लावावी लागायची, आणि ते फक्त मला यायचं.

ऐन मे महिन्यात राजापूरला माझ्या बहिणीचं लग्न निघालं. चार दिवस मशीन सुमनताईंच्या हाती राहणार होतं. त्या पॅकिंगच्या नोंदी ठेवायच्या, आणि कळफलकाला बोट लावण्याआधी त्याला नमस्कार करायच्या. लेबलं छापली गेली नाहीत तर ट्रक अडणार होते.

मी दोन पानांत सूचना लिहून दिल्या. त्या वाचून इब्राहिमभाई मटकन खुर्चीत बसले.

"'योग्य तो पर्याय निवडा.' अरे, योग्य कुठला ते ठाऊक असतं तर ती बाई हे पान कशाला उघडेल?"

"बरं, कुठला ते लिहितो."

"'मोकळी जागा सोडा.' किती? माणूस बसेल एवढी?"

"खालची लांब पट्टी एकदा दाबायची."

"मग तसं लिही ना! आणि हे, 'नंतर एंटर करा.' कुठे शिरायचं तिनं?"

आठवडाभर हेच चाललं. रोज दुपारी ते सुमनताईंना मशीनसमोर बसवत, स्वतः मागे उभे राहत आणि त्या जिथे अडखळतील तिथे खूण करत. बाईंपेक्षा यांचाच श्वास अडकलेला. दोन पानांची चौदा झाली. प्रत्येक हुकुमाखाली 'आता पडद्यावर असं दिसेल' आणि 'तसं न दिसल्यास' अशा ओळी आल्या. एस.टी. सुटायला अर्धा तास उरला असताना त्यांनी मला परत बोलावलं आणि आणखी एक वाक्य घालायला लावलं : 'चुकलात तर मशीन बिघडत नाही. पान तीनपासून पुन्हा सुरू करा.' लग्नात माझा जीव अर्धा कारखान्यात होता.

परत आलो तर सगळं सुरळीत. वीज तीनदा गेली होती आणि तिन्ही वेळा सुमनताईंनी एकट्यानं मांडणी लावली होती. ट्रक वेळेवर गेले होते. मी थट्टेनं म्हटलं, "इब्राहिमभाई, एवढं घाबरायचं काय होतं हो?"

ते हसले नाहीत.

"आखातातून मी आईला टेपरेकॉर्डर पाठवला होता. सोबत माझ्या आवाजात भरलेली कॅसेट. चिठ्ठीत लिहिलं, बटण दाब, मी बोलेन. बटणं होती सहा. कुठलं दाब, ते लिहायचंच राहिलं. तिनं लाल दाबलं. माझं बोलणं पुसलं गेलं आणि तिचं भरलं गेलं. मी आलो तेव्हा ती नव्हती. कॅसेट आतच होती. एकदा ऐकली. पुन्हा धीर नाही झाला. माझ्याच हातून लाल दाबलं गेलं तर?"

रविवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्या घरी गेलो. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक पट्ट्या असतात, त्या मोडल्या.

"आता हिच्यावर दुसरं काही भरलंच जाणार नाही. दाबा बिनधास्त."

त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग दाबलं. खरखर, लांबवर कोंबड्या, आणि मग यंत्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलणाऱ्या म्हातारीचा आवाज आला : "इब्राहिम, तुझा आवाज येत नाही रे. बरा आहेस ना?"

इब्राहिमभाई टेपरेकॉर्डरकडे झुकले.

"हां आई," ते म्हणाले, "बरा आहे."