अनारशांची कबुली

सत्यशीलाबाईंच्या आयुष्यातला शेवटचा धडधाकट दिवस बुधवार होता आणि त्या दुपारी त्यांच्या घरी महिला मंडळाची प्रार्थना होती. श्रीरामपूरला नव्यानं आलेल्या पाळकसाहेबांनी रविवारीच बजावलं होतं, की नाताळाआधी प्रत्येकीनं आपलं एक पाप मंडळातल्या दुसऱ्या बहिणीजवळ कबूल करावं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. पुण्याहून रजेवर आलेल्या मोनिकाच्या चिठ्ठीत तिच्या आईचंच नाव निघालं.

आईला सांगण्यासारखं तिच्याकडे एकच होतं. दर नाताळाला आई तिला अनारशांचा डबा द्यायची आणि दरवर्षी ती फोनवर सांगायची, की ऑफिसात पाच मिनिटांत फस्त झाले. हे धडधडीत खोटं होतं. सत्यशीलाबाईंचे अनारसे फरशीवर पडले तर लोक आधी फरशी बघत. हे सगळ्या मंडळाला माहीत होतं. फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सत्यशीलाबाईंचं माहेर कॅथलिक. लहानपणी त्यांनी फादरला पापं सांगितली ती जाळीआडून. प्रॉटेस्टंट घरात चाळीस वर्षं काढूनही समोरासमोर कबुली म्हणजे त्यांना उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटे. त्या स्वयंपाकघरातून पिठाची चाळण घेऊन आल्या आणि ती तोंडासमोर धरून लेकीपुढं बसल्या.

"बोल आता. मला तुझं तोंड दिसत न्हाई."

"मला तुझं दिसतंय, आई."

"मग तू डोळे मीट."

मोनिकानं डोळे मिटले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात पलीकडून लंकाबाईंचा आवाज आला. लंकाबाई कानानं जरा कमी, आणि त्यांच्या कानाशी मंडळातल्या नव्या सुनांपैकी एक, निकिता, आपलं पाप कुजबुजत होती.

"मोठ्यानं सांग गं. शेळीला काय घातलं म्हनलीस?"

"अनारसे."

"कुनाचे?"

निकितानं चाळणीकडे पाहिलं. आता मागं फिरणं शक्य नव्हतं. "सत्यशीलाकाकूंचे."

"मग खाल्ले का तिनं?"

"न्हाई."

मग लंकाबाईंनाच राहवलं नाही. सहा वर्षं आपण एक अनारसा दाराखाली पाचर म्हणून लावतो, हे त्यांनी सांगून टाकलं. तिसरीनं मिळालेले अनारसे पुढच्या नाताळाला दुसऱ्यांच्या ताटात घातले होते, आणि त्यातले दोन फिरून तिच्याच घरी आले होते. ते ऐकून चौथीच्या लक्षात आलं, की मधले दोन महिने ते आपल्याकडे होते.

चाळण थरथरत होती. मोनिकानं ती हळूच खाली केली. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते हसण्याचं.

"क्षमा केली गं सगळ्यांना," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पन कबुली झाली का प्रायश्चित्त आलंच. यंदा एकेकीनं पाच खायचे. हितं, माज्या म्होरं."

"आपल्यात प्रायश्चित्त नसतंय, सत्यशीला," लंकाबाई घाबरून म्हणाल्या.

"माज्यात हाय."

मग त्या लेकीकडे वळल्या. "तुझं राहिलं."

खरं म्हणजे आता सांगणं सोपं होतं. पण इतक्या हशात मोनिकाला आपली गोष्ट उगाच हळवी वाटली. ती म्हणाली, "दहावीला भूगोलात कॉपी केली होती."

"ते ठावं हाय मला. सर घरी आल्ते."

त्याच संध्याकाळी सत्यशीलाबाईंनी अनारशांचे तांदूळ भिजत घातले. ते तीन दिवस भिजावे लागतात. गुरुवारी पहाटे त्या झोपेतच गेल्या.

तांदूळ लंकाबाईंनी नेले. दळले, गुळात मळले, तळले, आणि दहा दिवसांनी स्मरणाच्या प्रार्थनेला घेऊन आल्या. अनारसे जाळीदार झाले होते, तोंडात टाकताच विरघळणारे. बायका ओळीनं बसल्या आणि प्रत्येकीनं मोजून पाच खाल्ले. आयतंच सुटलो, असं एकीच्याही चेहऱ्यावर नव्हतं.

पाळकसाहेबांनी विचारलं, घरचं कुणी दोन शब्द बोलणार का. मोनिका उठली. तिनं लिहून आणलेला कागद उघडलाच नाही. ती फोटोकडे बघून म्हणाली,

"आई, मी तो डबा ऑफिसात कधी नेलाच नाही. सगळे मीच खायचे. चहात बुडवून, दिवसाला एक, मार्चपर्यंत पुरवून. लंकामावशींचे छान झालेत. पण मला तुझेच आवडतात."