एकमताचे दोन एक्के

शनिवारी सकाळी सव्वानऊला गुनव्होर हेडलुंड यांनी इमारतीच्या सामायिक धुलाईखोलीतील पाळ्यांच्या तक्त्यावरून आपली वेळ राखून ठेवणारे कुलूप काढले, टॉवेलांच्या घड्या करून टोपलीत ठेवल्या आणि त्या शेजारच्या सभाखोलीत गेल्या. स्वीडनमधल्या बोरोस शहरातील 'लिंडेन' गृहसंस्थेच्या पोकर उपसमितीचे उरलेले तीन सभासद कॉफी आणि दालचिनीचे पाव घेऊन संगणकासमोर बसलेच होते.

गृहसंस्थांसाठीच्या मोफत ऑनलाइन स्पर्धेतून पहिल्या दहा संस्थांना कोपनहेगनच्या अंतिम सामन्यात एकेक खुर्ची मिळणार होती. लिंडेनला मिळाली तर ती खुर्ची गुनव्होरबाईंची. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सहा वर्षे गणिते मांडून हा खेळ शिकलेल्या त्या एकट्याच होत्या. मात्र पैज लावायची, वाढवायची की पाने टाकून डाव सोडायचा, हे त्यांनी ठरवायचे नव्हते. एकट्याने ठरवणे शेजारधर्मात बसत नव्हते. प्रत्येक डावावर चर्चा होई, उपसूचना येई, मग प्रत्येकाचे मत विचारले जाई.

निर्णयासाठी मुदत होती तीस सेकंदांची.

परिणामी संस्थेने आजवर एकही पैज लावली नव्हती. मुदत संपे आणि यंत्र आपणहून पाने टाकून देई. धडाडीच्या संस्था एकमेकींना बुडवून घरी गेल्या. लिंडेन सक्तीच्या चकत्या तेवढ्या भरत, झिजत झिजत टिकून राहिली. याला अध्यक्ष सिक्स्टेन ब्रूमान 'कार्यपद्धतीचा विजय' म्हणत.

अखेर अकरा संस्था उरल्या. त्यांपैकी एकीजवळ जेमतेम एका डावापुरत्या चकत्या होत्या. तेवढ्यात समोरच्या धनाढ्य संस्थेने सर्वस्व लावले, आणि लिंडेनच्या हाती आले दोन एक्के.

"लावा सगळं!" सभासद उर्यान ओरडला.

"मला मान्य," चिटणीस इंगालिल म्हणाली.

"माझाही विरोध नाही," सिक्स्टेन म्हणाले.

संस्थेच्या इतिहासात प्रथमच सहा सेकंदांत एकमत होऊ घातले होते.

"पानं टाकू या," गुनव्होरबाई म्हणाल्या. "ते गरीब बिचारे आत्ता जातील. थांबलो की खुर्ची आपली."

"एक्के टाकायचे? अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पाचात एकदा एक्केही हरतात, उर्यान. आणि जिंकलो तरी दोन खुर्च्या देणारेत का आपल्याला?"

"शाळा सुटली तरी मास्तरीण सुटली नाही!"

"नोंद घेतली," सिक्स्टेन शांतपणे म्हणाले. "तिघांविरुद्ध एक."

तेरा सेकंद उरले होते. उर्यानचा हात माऊसवर गेला. गुनव्होरबाईंनी कप बशीत ठेवला.

"बहुमतापुढे मी जाणार नाही हो. फक्त एक विचारते, मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम झालंय का?"

इंगालिलने कागद चाळले आणि तिचा चेहरा उतरला. सिक्स्टेननी उर्यानचे मनगट धरले.

"थांब! ते झाल्याशिवाय ठराव होईल कसा?"

"वाचा मग, पटकन!"

"पटकन वाचलेलं वैध नसतं," इंगालिल दुखावून म्हणाली आणि पहिल्या परिच्छेदापासून वाचू लागली. उपस्थितांची नावे संपण्यापूर्वी यंत्राने एक्के टाकून दिले. पुढच्याच डावात अकरावी संस्था बाद झाली.

सोमवारी धुलाईखोलीच्या दारावर सूचना लागली : 'उपसमितीच्या जलद व एकमुखी निर्णयामुळे संस्थेस यश.' गुनव्होरबाईंनी ती दोनदा वाचली, खाली सही केली आणि त्या बॅग भरायला गेल्या.

वाचकांना उपसमितीचे हसू आले असल्यास त्यांनी ते जरूर नोंदवावे. आपापल्या सोसायटीच्या पुढील सभेत, गळक्या टाकीचा विषय अकराव्यांदा पुढे ढकलण्यासाठी हात वर करतील तेव्हा.