हिंमतरावांची डबलरोटी

"जिंदगीभर गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले म्या! डबलरोटीचं काय एवढं!" हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवत घरात जाहीर करून टाकलं.

निमित्त मोठं होतं. त्यांच्या कोकिळाला पाहायला मेहकरचे वामनराव आपल्या मुलाला, नारायणला, घेऊन येणार होते. मुलगा नागपूरच्या कचेरीत कारकून. सकाळी चहासोबत डबलरोटीच खातो, असं मध्यस्थाने सांगितलं होतं. कोकिळाची दोन स्थळं आधीच हातची गेलेली. हे तिसरं काही केल्या जाऊ द्यायचं नव्हतं.

"साधे पोहेच करू ना," त्यांची बायको रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"पोहे कोणीबी करते! आपल्या घरी डबलरोटी, अन् तेबी घरची!"

हिंमतराव मैदा आणायला गेले. दुकानदार महादेवरावांनी विचारलं, "सण नाही, वार नाही, मैदा काऊन?"

"डबलरोटी करून राह्यलो घरी."

महादेवरावांचा चेहरा पडला. या गावात डबलरोटी एकाच कारणाने यायची. माणूस अंथरुणाला खिळला, डॉक्टरने भाकर बंद केली, की कोणीतरी ती मेहकरहून आणायचं. आता घरीच करायची पाळी आली म्हणजे दुखणं चांगलंच लांबणार!

"सांभाळा, हिंमतराव," ते हळूच म्हणाले. मैदा सांडू नये म्हणून सांगतात, असं वाटून हिंमतरावांनी पुडा छातीशी धरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैद्यात जिलबीवाल्याकडचं आंबवलेलं पीठ घातलं आणि कोपरापर्यंत बरबटून घेतलं. कसाबसा गोळा झाला, तो रॉकेलच्या धुतलेल्या डब्यात ठेवला आणि डबा गोवऱ्यांच्या आरावर. दुपारी गोळा निघाला, तेव्हा त्याचा रंग तव्याच्या बुडासारखा होता.

ते बाहेर आले तर ओसरी माणसांनी भरलेली! कौशल्याबाईंनी मोसंबी आणली होती, म्हाताऱ्या झुंबरबाईंनी अंगारा. आपली डबलरोटी बघायला गाव लोटलं, या विचाराने हिंमतराव फुलून गेले.

"कसं हाय आता?" झुंबरबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"वरून काळं पडलं. मधात काय हाय, ते कापल्यावरच समजते!"

कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. झुंबरबाईंनी सरळ गळाच काढला!

नेमके त्याच वेळी वामनराव आणि नारायण बसमधून उतरून दारात आले.

"कोण बिमार हाय?" वामनराव उंबऱ्यावरच थबकले.

"कोणीच नाही!"

"मंग हे लोक रडून काऊन राह्यले? पोरगीच तर बिमार नाही ना?" वामनरावांनी पाय मागे घेतला.

तिसरंही स्थळ चाललं! हिंमतराव आत धावले आणि तो काळा गोळा घेऊनच बाहेर आले.

"अहो, हे पाहा! घरची डबलरोटी! तुमच्या नारायणसाठी केली. तो रोज खाते ना!"

वीस माना नारायणकडे वळल्या.

"रोज?" झुंबरबाईंनी डोळे पुसले. "एवढा तरणा पोरगा! काय होते बाबू तुले?"

"नागपुरात सगळेच खातात!" वामनराव गोरेमोरे झाले.

"सगळं नागपूर बिमार हाय?"

आता गावच पोरगी द्यायला तयार होईना! तेवढ्यात आतून कोकिळा आली. तिने नारायणपुढे ज्वारीच्या दोन भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. नारायणने तिच्याकडे पाहिलं, बाह्या सारल्या. डोळ्यांतून धारा लागल्या, कान लाल झाले, पण भाकरी संपवून गड्याने तिसरी मागितली! झुंबरबाईंनी मान डोलावली आणि सुपारी तिथेच फुटली.

सकाळभर आरापुढे शेकलेले हिंमतराव मात्र दुसऱ्या दिवशी तापाने फणफणले. डॉक्टरने भाकर बंद केली. रुक्मिणीबाईंनी चहाची बशी आणि तो काळा गोळा पुढ्यात ठेवला.

"खा. तुमच्याच हातची हाय."

हिंमतराव कण्हत तुकडा चहात बुडवत होते, तोच झुंबरबाई दारावरून चालल्या. त्यांनी डबलरोटी पाहिली आणि तोंडभर हसून विचारलं, "काऊन हो हिंमतराव, आज कोण पाहुणे येऊन राह्यले?"