वायरलेसखाली डिट्टो

बायकोचा जुना लॅपटॉप मी नीट करून देतो, असं मी रविवारी जेवताना जाहीर केलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की बायको बटण दाबून भाजी चिरायला निघून जायची. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला होता, की लिनक्सचा एक हलका प्रकार मिळतो, तो टाकला की म्हातारा लॅपटॉपही पळतो. मी आधी लॅपटॉप फडक्यानं खसाखसा पुसला, मग लिनक्स टाकलं. लॅपटॉप खरंच पळायला लागला. फक्त वायफाय गेलं.

एरवी बायकोनं मला चार शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. पण शनिवारी चार वाजता तिची मुलाखत होती. बारा वर्षं घरी बसून लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासल्यावर एका प्रकाशन संस्थेनं तिला कायमच्या नोकरीसाठी बोलावलं होतं. मुलाखत लॅपटॉपवर होणार, आणि मध्येच पडद्यावर येणारा मजकूर तिथल्या तिथे तपासून द्यायचा होता. फोनवर ते जमण्यासारखं नव्हतं. केबल लावावी, तर लॅपटॉपचं केबलचं भोक कधीच मोडलेलं. तिला ही नोकरी मनापासून हवी होती. ती तसं बोलत नव्हती, पण त्या आठवड्यात तिनं एकाच ड्रेसला तीनदा इस्त्री केली.

माझ्या ताईचा लॅपटॉप आणते, असं ती म्हणाली. ताईच्या नवऱ्याला हा प्रकार कळला असता, तर त्यानं मला जन्मभर सोडलं नसतं. शनिवारच्या आत करून दाखवतो, असं मी सांगितलं. (दाखवतो, हा शब्द वापरायला नको होता.)

मी फोनवरून एका फोरमवर प्रश्न टाकला. तिथे एक सद्गृहस्थ भेटले. त्यांनी स्वतःच्या फोटोच्या जागी घुबड लावलं होतं. त्यांनी काही कमांड दिल्या आणि पडद्यावर जे उमटेल ते जसंच्या तसं पाठवा, म्हणून कळवलं.

जसंच्या तसं पाठवणं हे तर माझं रोजचं काम. एकवीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर बसतोय. मी कोरी वही काढली, समास आखला, दीडशे ओळी सुवाच्य अक्षरात उतरवल्या आणि त्या पानांचे फोटो पाठवले. (पडद्याचाच फोटो काढता आला असता, हे बायकोनं नंतर सांगितलं.) घुबडवाल्यांनी लिहिलं, अक्षर छान आहे.

पानं वाचून त्यांनी निदान केलं, की वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर नसणार, तो इंटरनेटवरून उतरवून घ्या. म्हणजे इंटरनेट सुरू करायला लागणारी वस्तू इंटरनेटवर. आमच्या ऑफिसात सगळी कामं अशीच चालतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बुधवारी मी ऑफिसातून पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर आणला. त्याला आणखी एक फाइल हवी होती. ती गुरुवारी आणली, तर तिला तिसरी हवी होती. शुक्रवारी तिन्ही बसल्या आणि वायफाय होतं तिथेच राहिलं. आता कार्डच गेलं असावं, असं म्हणून घुबडवाल्यांनी हळहळ व्यक्त केली.

शनिवारी सकाळी मी हे बायकोला सांगितलं. ती चिडली नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"वही आणा," ती म्हणाली.

प्रुफं तपासण्याची तिची एक पद्धत आहे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं नकलेवर पेन्सिल फिरवायची. तिनं वही आपल्याकडे घेतली आणि मला सगळ्या कमांड पुन्हा द्यायला लावून पडद्यावरून वाचायला बसवलं. मी वाचत गेलो. ब्लूटूथ: सॉफ्ट ब्लॉक, नो. हार्ड ब्लॉक, नो. वायरलेस: सॉफ्ट ब्लॉक, नो. हार्ड ब्लॉक, यस.

पेन्सिल थांबली.

"इथे काय लिहिलंय तुम्ही?"

"डिट्टो."

"दोन्ही ओळींना?"

"वरच्यासारख्याच दिसत होत्या गं. ऑफिसात आम्ही..."

पुढचं तिनं ऐकलं नाही. माझ्याच फोनवरून तिनं घुबडवाल्यांना खरी ओळ कळवली. मिनिटाभरात उत्तर आलं: हार्ड ब्लॉक म्हणजे वायफाय बटणानंच बंद झालंय, लॅपटॉपच्या कडेला एखादं बटण आहे का, पाहा. होतं. पुढच्या कडेला, नखाएवढं, सरकवायचं. रविवारी मी फडकं नेमकं तिथूनच फिरवलं होतं. तिनं नखानं ते उलट्या बाजूला सरकवलं आणि वायफाय आलं. मला इतकं हायसं वाटलं, की मी खुर्चीतच बसून राहिलो.

चार वाजता तिनं मला स्वयंपाकघरात पाठवून दार लावून घेतलं. मी दाराला कान लावला. अलीकडे पकडलेली एखादी चूक सांगा, असं कोणीतरी विचारलं. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती बोलत राहिली आणि तीन-चार माणसं पोटभर हसली.

"आणि ही नक्कल करणारे गृहस्थ सध्या कुठे असतात?"

"स्वयंपाकघरात," ती म्हणाली.

तिला नोकरी मिळाली. नेमणुकीच्या पत्राखाली एक विनंती होती, की वहीतलं ते पान नवीन लोकांना दाखवण्यासाठी संस्थेला मिळावं. मला फार आनंद झाला होता, त्या भरात मी म्हणालो की पान कशाला फाडतेस, मी त्याची सुवाच्य नक्कल करून देतो.

तिनं मूळ पान फाडलं आणि पाकिटात घातलं.