अस्सलपासून सावध

अस्सल वस्तू नकली वस्तूपेक्षा चांगली असते, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. दुमत एवढंच आहे, की दोन्ही समोर ठेवल्या तर त्यांतली अस्सल कुठली. पण हा तपशिलाचा प्रश्न झाला, आणि तपशिलासाठी सरकार माणसं नेमतं.

मापसाहेब हे असे नेमलेले माणूस होते. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासण्याच्या खात्यात तपासनीस म्हणून काढली. त्यांची सायकल बाजाराच्या तोंडाशी दिसली की तराजू आपोआप सरळ व्हायचे. किलोचं वजन नुसतं हातात धरून ते किती ग्रॅमने खोटं आहे, हे ते सांगू शकत (अंदाज सहसा चुकत नसे, हे त्यांनी स्वतःच तपासलेलं आहे). निवृत्त झाल्यावर त्यांचा अधिकार गेला, तपासणी राहिली. दोऱ्याचं रीळ घरात आलं की ते उलगडून मोजायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. बायको म्हणायची, "मला कुठे मोजून घेतलंत?" साहेबांचं उत्तर ठरलेलं असे. "तेव्हा नोकरी लागायची होती, म्हणून तर फसलो."

बायकोला जाऊन पाच महिने झाले होते.

तिचं घरात भरतकामाचं मशीन होतं, संगणकावर चालणारं. संगणकावर चित्र काढायचं, त्यातलं सॉफ्टवेअर त्या चित्राचे टाके करतं, आणि मशीन ते टाके कापडावर घालतं. शाळांचे बिल्ले, इस्पितळाच्या चादरींवरची नावं अशी कामं ती अकरा वर्षं घेत होती. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या आठवड्यात तिने शेवटचं चित्र काढलं. लेकीला दिवस गेले होते. फाइलीचं नाव होतं 'दुपटं, बाळासाठी'. टाके घालायचे राहून गेले.

आता लेकीला आठवा महिना होता. ती म्हणाली, "बाबा, बाळ पहिल्यांदा हातात घेईन ते आईच्या दुपट्यात. बाकी मला काही नको."

साहेबांनी संगणक लावला. सॉफ्टवेअर म्हणालं, 'मुदत संपली आहे. कृपया अस्सल प्रत घ्यावी.' साहेबांना ही सूचना इतकी रास्त वाटली की त्यांनी पडद्यासमोर मान डोलावली. बाजारात नकली सॉफ्टवेअर फार झालं आहे हे त्यांनी वाचलं होतं. ते वहीवर रेघा मारून बसले आणि चार दिवसांत 'ऑनलाइन विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेताना बाळगावयाची सावधगिरी' या मथळ्याखाली तेवीस कलमं तयार झाली. त्यांतली काही जनहितार्थ इथे देतो.

कलम १. किंमत फारच कमी असल्यास घेऊ नये.

कलम २. किंमत योग्य असल्यास अधिक सावध राहावे. योग्य किंमत कोणती, हे लबाडालाही ठाऊक असते.

कलम ७. ग्राहकांचे अभिप्राय वाचावेत. सगळे चांगले असल्यास ते विक्रेत्याने विकत घेतलेले असतात. सगळे वाईट असल्यास शेजारच्या विक्रेत्याने घेतलेले असतात. अभिप्रायच नसल्यास, ज्याला तेही परवडत नाहीत त्याच्याकडून काय घ्यायचे?

कलम ११. पानावर 'ओरिजिनल' हा शब्द किती वेळा आला, ते मोजावे. (एका विक्रेत्याच्या पानावर तो सत्तेचाळीस वेळा होता. साहेबांनी उभ्या संसारात कधी कोणाला 'ही माझी ओरिजिनल बायको' अशी ओळख करून दिली नव्हती.)

कलम १९. विक्रेत्याचा पत्ता स्वतः जाऊन पाहावा.

या एकोणिसाव्या कलमाने बराच वेळ घेतला. एकूण विक्रेते एकोणीस. त्यांतल्या चार पत्त्यांवर केस कापायची दुकानं निघाली. नुसती चौकशी करून बाहेर पडणं बरं दिसत नाही म्हणून साहेब प्रत्येक ठिकाणी खुर्चीत बसले. चौथ्या दुकानातला कारागीर त्यांच्या डोक्याकडे पाहून म्हणाला, "काका, आता कापायला काय शिल्लक आहे? चहा घ्या आणि जा." दोन पत्त्यांवर गंजलेली शटरं होती आणि एका पत्त्यावर पाण्याची टाकी. एक पत्ता साहेबांच्याच इमारतीच्या जिन्याचा होता. तिथे ते दोन तास पायरीवर बसून राहिले. विक्रेता आला नाही, पण दोन माणसांनी साहेबांनाच विक्रेता समजून भाव विचारला. परगावच्या दहा पत्त्यांवर त्यांनी पत्रं टाकली. दहाही परत आली.

उरला एक. तो तेवीसच्या तेवीस कलमांत बसला. पत्ता खरा, किंमत मध्यम, बोलणं बेताचं, 'ओरिजिनल' फक्त एकदा.

साहेबांनी त्याच्या नावावर तांबडी फुली मारली.

"अहो बाबा, का?" लेकीने कपाळावर हात मारला. "बसतोय ना तो सगळ्यात!"

"म्हणूनच. ज्याचं वजन तंतोतंत भरतं ना, त्याने तपासनिसाला दाखवायचं वजन वेगळं ठेवलेलं असतं."

"मग आता?"

"आता थेट कंपनी."

सॉफ्टवेअर बनवणारी मूळ कंपनी तेवीसपैकी नऊ कलमांत नापास झाली. तिचा फोन कोणी उचलत नव्हतं, नुसतं संगीत वाजायचं; पत्ता म्हणजे टपालपेटीचा क्रमांक; अभिप्राय बहुतेक शिव्यांचे. इतका गलथानपणा मुद्दाम कोणी करणार नाही, तेव्हा हीच अस्सल, असा निष्कर्ष साहेबांनी काढला. तो बरोबर होता. पैसे भरले, सांकेतिक क्रमांक आला, सॉफ्टवेअर चालू झालं. साहेबांनी हात धुतले, कपडे बदलले आणि 'दुपटं, बाळासाठी' उघडायला सांगितलं.

पडद्यावर उत्तर आलं: 'ही फाइल आमच्या सॉफ्टवेअरच्या अनधिकृत प्रतीत तयार झाली आहे. ती उघडता येणार नाही. अस्सल प्रत घेतल्याबद्दल आपले अभिनंदन.'

साहेब पाऊण तास खुर्चीत बसून होते. पहिली दहा मिनिटं ते रागावलेले होते. नंतर लेकीला बाहेरच्या खोलीतून कसलासा आवाज आला म्हणून ती धावत आली, तर साहेब हसत होते. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

"तुला माहीत होतं?"

लेक पदराशी चाळा करत म्हणाली, "आईने शपथ घातली होती. म्हणाली, तुझ्या बाबांना कळलं तर पंचनामा करतील, आणि साक्षीदार म्हणून मलाच सही करायला लावतील."

"लावली असती," साहेबांनी कबूल केलं.

अकरा वर्षं, खात्याच्या तपासनिसाच्या घरात, त्याच्या खुर्चीपासून सहा फुटांवर खोटं माप बिनबोभाट चाललं होतं. खात्याच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण नसावं (असलं तर ते त्या त्या बायकांनाच माहीत).

आता गरज उलटी झाली. अस्सल प्रत निरुपयोगी होती आणि नकलीच हवी होती. साहेबांनी वहीचं पान उलटलं आणि नवा मथळा घातला: 'नकली सॉफ्टवेअर घेताना अस्सलपासून सावध कसे राहावे'. मग त्यांनी सत्तेचाळीस वेळा 'ओरिजिनल' लिहिणाऱ्याला फोन लावला.

"सर, शंभर टक्के ओरिजिनल देतो," पलीकडचा माणूस म्हणाला.

"मला शंभर टक्के नकली पाहिजे."

"सर, तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही हो. मापखात्यात होतो."

फोन बंद.

त्यानंतर सात विक्रेत्यांनी आईची शपथ घेऊन सांगितलं की त्यांच्याकडे नकली माल नाही. एवढी नकली माल विकणारी माणसं जगात असताना नकली माल मागायला जावं तर कोणाकडेच नसतो, हे साहेबांना नव्यानेच कळलं. शेवटी एकजण तयार झाला. त्याने हळू आवाजात 'एकदम डुप्लिकेट' असं वचन दिलं, पैसे घेतले आणि प्रत पाठवली. साहेबांनी ती तपासली. अस्सल होती.

फसवणूक ती फसवणूक. साहेबांनी ग्राहकांच्या मदत केंद्राला फोन केला.

"बोला, काय तक्रार आहे?" तिथल्या बाई म्हणाल्या.

"विक्रेत्याने फसवलं."

"नकली माल दिला?"

"अस्सल दिला."

"मग?"

"नकली सांगून अस्सल दिला, बाई!"

"काका," बाई अगदी मायेने म्हणाल्या, "घरी दुसरं कोणी आहे का? त्यांना देता फोन?"

दुसरं कोणी म्हणजे लेक, आणि तिच्या बाळंतपणाला आता पंधरा दिवस उरले होते. साहेबांनी हात टेकले. वही मिटली आणि ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीवालीकडे गेले. गेल्या महिन्यात त्यांनी तिला एकदा विचारलं होतं. तेव्हा ती जमिनीकडे पाहत "नवीन घ्या की, साहेब" एवढंच म्हणाली होती. आता त्यांनी सगळी हकिकत सांगितली. नकली प्रत कुठे मिळेल, असं त्यांच्या तोंडून ऐकल्यावर दुरुस्तीवालीने हातातला पेचकस खाली ठेवला.

"काकूंची प्रत कुठे गेलीय? तिथेच आहे ती."

"तिची मुदत संपलीय."

"अकरा वर्षांपूर्वीच संपलीय! काकू कामाला बसताना संगणकाची तारीख मागे घ्यायच्या आणि उठताना पुन्हा पुढे करायच्या. तुम्ही आंघोळीला गेलात की बसायच्या. लांबवता म्हणे तुम्ही."

"आणि तुला हे माहीत असून महिनाभर बोलली नाहीस?"

"माझ्या वडिलांचा तराजू कोणी जप्त केला होता, साहेब?"

साहेबांनी तिची हत्यारांची पिशवी स्वतःच उचलली.

दुरुस्तीवाली घरी आली. आधी तिने अस्सल प्रत काढून टाकली (दोघी एका संगणकात नांदत नाहीत). मग फायलींची यादी उघडली. तीनशे बारा फायली, आणि सगळ्यांवर तारीख एकच, अकरा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारची. शाळांचे बिल्ले, चादरी, रुमाल, सगळं बाईंनी त्या एका मंगळवारी केलं होतं. त्या दिवशी लेक नववीत होती, आणि तिच्या बाळाचं दुपटं तयार होतं.

"मागे घेऊ तारीख?" दुरुस्तीवालीने विचारलं. "खोटी आहे हं, साहेब."

चौतीस वर्षं दोन-दोन ग्रॅमसाठी माणसांना उभं करणाऱ्या साहेबांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे पाहिलं. "घे," ते म्हणाले.

मंगळवार झाला. फाइल निमूटपणे उघडली. त्या तारखेप्रमाणे साहेब अजून नोकरीत होते, म्हणजे जप्तीचा अधिकारही शाबूत होता. तो त्यांनी वापरला नाही. त्या तारखेप्रमाणे बायको आत स्वयंपाकघरात होती. मशीन तीन तास खडखडत होतं आणि साहेब तेवढा वेळ आत गेले नाहीत. मग शेवटचा टाका पडला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने तारीख पुढे केली.

दुपटं वेळेत झालं. नातीला त्यातच गुंडाळलं. साहेबांनी ते मोजलेलं नाही.

हे सारं कृत्य बेकायदा आहे, याबद्दल मात्र कोणी शंका बाळगू नये. अस्सल प्रतीचे पैसे भरूनही नकली प्रत चालवणे हा गुन्हाच आहे, आणि कोणाही सुजाण वाचकाला त्याची रीतसर तक्रार करता येईल. तक्रार संगणकावर टाइप करून पाठवायची असते. तेव्हा वाचकाने आपण ती कशात टाइप करणार, आणि ते सॉफ्टवेअर आपण कुठून आणलं होतं, एवढं टाइप करायला बसण्याआधी पाहून घ्यावं.

आजवर एकही तक्रार आलेली नाही.