साखर ती साखर

टाकीबाई तीन दिवसांच्या रजेवरून परतल्या, तर प्रयोगशाळेच्या दारातच त्यांचं अभिनंदन झालं. धाकटी बहीण नुकतीच गेली होती. अभिनंदन कशाचं, हे त्यांना कळेना.

"तुमच्या टाकीतलं यीस्ट काय फोफावलंय म्हणून सांगू," सहायक बाई म्हणाल्या. "साहेबांनी पाहुणे बोलावलेत."

त्या टाकीत यीस्ट पोसायचं आणि त्याच्याकडून लशीचं सामान करून घ्यायचं, ही टाकीबाईंची नोकरी. सामान म्हणजे कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचं नुसतं टरफल, आत काही नाही. त्यावर शरीर लढायला शिकतं आणि पुढे खरा विषाणू आला तरी त्याची डाळ शिजत नाही. बहीण गेली ती याच विषाणूच्या कर्करोगानं. माणसांवरच्या चाचण्या याच खेपेनं सुरू व्हायच्या होत्या, म्हणून बाईंचा जीव या टाकीत अडकला होता.

यीस्टची मात्र एक खोड असते. साधं ग्लुकोज मिळत राहिलं की ते खातं, वाढतं आणि कामाला हात लावत नाही. भरपूर वाढलं की ग्लुकोज बंद करून गॅलॅक्टोज नावाची दुसरी साखर द्यावी लागते, तेव्हा कुठे टरफलं तयार होतात. बाई रजेवर असताना गॅलॅक्टोजचे डबे वाटेत अडकले आणि पाहुण्यांची तारीख तर ठरलेली. व्यवस्थापन शिकून आलेल्या साहेबांनी "साखर ती साखर" म्हणत ग्लुकोजच ओतायला लावलं.

बाई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. यीस्ट नुसतं माजलंय, त्यात टरफल औषधालासुद्धा सापडायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि दुःखात माणसाला सगळंच वाईट दिसतं, असं समजावलं.

पाहुणे आले. टाकीच्या काचेतून फेस बघून त्यांनी माना डोलावल्या, फोटो निघाले. काही न करता फुगणाऱ्याचं असं कौतुक त्या इमारतीत नवं नव्हतं, पण यीस्टचं झालं ते पहिल्यांदाच. आठवड्याभरात तपासणीचा अहवाल आला. टरफलं शून्य. सगळी खेप गटारात गेली आणि चाचण्या वर्षभर पुढे ढकलल्या.

मग चौकशी बसली. अध्यक्ष साहेबच. साखर कोणी बदलली, हा प्रश्न कुठल्याच कागदावर नव्हता. टाकीवरचं जबाबदार माणूस जागेवर का नव्हतं, हा मात्र होता. बाईंच्या हातात एक छापील अर्ज आला. शेवटचा रकाना होता, 'ही गैरहजेरी टाळता आली असती का?'

बाईंनी लिहिलं, 'हो. बहिणीला शाळेत असताना ही लस मिळाली असती, तर त्या तीन दिवसांत मी टाकीपाशीच असते.'

तासाभरात कारकून अर्ज परत घेऊन आला. बिचारा नजर चुकवत होता.

"बाई, इथे फक्त हो किंवा नाही चालतं. बाकीचं खोडा, असं साहेब म्हणालेत."

बाईंनी बाकीचं खोडलं. खोटं लिहिणं त्यांना जमलं नाही, म्हणून 'हो' तसंच ठेवलं. चूक स्वतः कबूल केली, असा शेरा मारून साहेबांनी त्याच संध्याकाळी त्यांना टाकीवरून काढलं.