अंडी शाबूत पोहोचली

परदेशातल्या मुलीला जुळी झाली त्या वर्षी आम्ही दोघं पहिल्यांदा विमानात बसलो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, खाण्याची काळजी करू नका, विमानात देतात."

मी म्हटलं, "तुझ्या आईच्या पोटाचं ऑपरेशन झालंय. गोळीच्या आधी तिच्या पोटात साधं, घरचंच गेलं पाहिजे. परक्याच्या हातचं मी तिला खाऊ घालणार नाही. मी बांधून घेतो."

बांधणं हेच माझं काम. काचेच्या कारखान्यात मी जन्मभर खोकी बांधली. माझ्या हातच्या बरण्या बोटीतून गेल्या, ट्रकमधून गेल्या, एकदा पुरातूनही गेल्या. बरणीला तडा गेला नाही आणि खोकं वाटेत उघडलं नाही.

अंडी उकडली, बटाटे उकडले, टोस्ट घेतले. प्रत्येक अंडं कागदात गुंडाळलं, मध्ये पुठ्ठ्याच्या भिंती घातल्या, सगळं पत्र्याच्या डब्यात आणि डबा खोक्यात. त्यावर चिकटपट्टी, तिच्यावर सुतळी, आणि सुतळीवर कारखान्यातली ती प्लास्टिकची जाड पट्टी. ती आवळायचं यंत्र मी निवृत्त होताना मागून आणलं होतं. शेवटी 'नाजूक' असं लिहिलं. लिहायला मी म्हातारपणी, त्याच वर्षी शिकलो होतो, त्यामुळे सगळ्या बाजूंनी लिहिलं.

ही दारात उभी राहून बघत होती. "अहो, मला त्यातलं जेवायचंय. समुद्रात बुडवायचं नाहीये."

"तू फक्त बघ," मी म्हणालो.

विमानतळावर तपासणीवाला म्हणाला, "आजोबा, हे उघडा."

"तुम्हीच बघा उघडून."

त्याने नखाने चिकटपट्टी खरवडली. नख तुटलं, पट्टी हलली नाही. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी त्याने खोकं यंत्रातून सरकवलं आणि पडद्याकडे बघत विचारलं, "अंडी?"

"उकडलेली."

"जा घेऊन." मग माझ्या खिशातला चाकू त्याला सापडला. तो त्याने टोपलीत टाकला.

"अहो, चाकू गेला," ही म्हणाली.

"जाऊ दे गं. खोकं पास झालं ना?"

विमानात ही कडेला, मी मधे आणि खिडकीशी एक आडदांड मिशीवाले. जेवणाची गाडी आली तेव्हा मी पुढच्या-मागच्या रांगांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नको. आम्ही घरून आणलंय." ही त्या वाढणाऱ्या मुलीच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"पाणी मागितलं."

गोळीची वेळ झाली. खोकं मांडीवर घेऊन मी हात खिशात घातला. हात खिशातच राहिला.

"चाकू शोधताय?" हिने विचारलं.

मी किल्ली काढली आणि पट्टीखाली सारली. किल्ली वाकली. मग दातांनी ओढून बघितलं. पट्टी जागेवर राहिली, कवळी मात्र पट्टीला लटकली. मिशीवाल्यांना राहवेना. "द्या इकडे. मी रोज वजनं उचलतो." त्यांनी दात-ओठ खाऊन असा हिसका मारला की कोपर सुटलं आणि त्यांची कॉफी पुढच्या गृहस्थांच्या टकलावर गेली.

"काय चाललंय मागे?" ते ओरडले.

"जेवण," ही म्हणाली.

वाढणारी मुलगी धावत आली. "आजोबा, काय आहे यात?"

"अंडी."

"मग एवढं का बांधलंय?"

"फुटू नयेत म्हणून."

"मघाशी आजी उकडलेली म्हणाल्या."

"हो, उकडलेलीच."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"कात्री आणा," मी म्हटलं.

"प्रवाशांना देत नाही."

"मग राहू दे. मी उघडतो. हिच्या गोळीची वेळ चाललीये."

वाढणारी मुलगी गेली आणि एक ताट घेऊन आली. वाफाळता बटाटा, उकडलेलं अंडं, टोस्ट. "आजी, तुमचं पथ्याचं. सांगितल्याप्रमाणे गरम ठेवलं होतं."

तिकीट काढतानाच लेकीने ते सांगून ठेवलं होतं, आणि हिला ते ठाऊक होतं.

"मला आधी का नाही बोललीस?"

"कशी बोलणार? तुम्ही इतक्या हौसेने बांधत होतात." हिने अर्धा बटाटा पुढे केला. "घ्या. तुमचं ताट परत गेलंय."

"मला माझं आहे," मी म्हटलं आणि सुतळीची गाठ शोधायला लागलो. गाठ माझीच होती. सापडली नाही.

विमान उतरलं तेव्हा मी उपाशी आणि खोकं बंद. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं की बाहेरचं अन्न आत नेता येत नाही. त्याने पात्याने सगळं एका फटक्यात कापलं. मी वाकून बघितलं. एका अंड्यालाही चीर नव्हती.

"बघितलंस?" मी हिला म्हणालो.

"बघितलं," ती म्हणाली, आणि अंडी कचऱ्यात गेली.

बाहेर मुलगी दोन्ही बाळं घेऊन उभी होती. "बाबा, नीट जेवलात ना?"

ही म्हणाली, "त्यांनी बांधलं फार छान होतं गं."

वाकलेली किल्ली आमच्या घराची होती. परत आल्यावर कुलूप फोडावं लागलं, तेव्हा पायरीवर बसून ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

हल्ली माझा डबा मीच भरतो. झाकण नुसतं ठेवतो, दाबत नाही. जुळी पहिलीत गेली त्या वर्षी, हिवाळा संपता संपता, ही गेली.